जिथे गिधाडे होती

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८७-८८ च्या हंगामात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची ३५३ घरटी होती. १९९६-९७ मध्ये १५० भरली. आणखी काही वर्षांनी एकही उरले नाही. दोन्ही वेळची मोजदाद डॉ. विभू प्रकाश यांची आहे. पहिली झाली तेव्हा गिधाडे मोजण्याची निकड कुणालाच वाटत नव्हती.

जगातल्या मोठ्या शिकारी पक्ष्यांत तेव्हा हाच पक्षी बहुधा सर्वाधिक संख्येने होता. भारतात सगळ्या जातींची मिळून गिधाडे चार कोटींच्या घरात असावीत, असा अंदाज पुढे मांडला गेला. तो अंदाजच आहे. ती होती तेव्हा कुणी मोजली नव्हती. जुन्या पक्षी-याद्यांत गिधाडापुढे आकडा क्वचित सापडतो. नेहमी दिसणारे, एवढेच लिहिलेले असते.

१९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे भारतात ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारातले एक राहिले. लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. २००० नंतर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे दर वर्षी ४४ टक्क्यांच्या आसपास कमी होत होती.

भरतपूरला जी मरत होती, ती आधी मान टाकून बसत. डोके छातीशी लोंबे. काही तशी आठवडेच्या आठवडे दिसली. मग झाडाखाली सापडली.

गावाबाहेर एक जागा असे. गाय, बैल, म्हैस मेली की ओढत तिथे नेत. कातडे सोलून घेतले जाई. मग गिधाडे उतरत. शंभरेक गिधाडे असली तर अर्ध्या-पाऊण तासात सांगाडा उरे. हाडे उन्हात वाळत. ती गोळा करणारे येत. हाडे खताच्या आणि जिलेटिनच्या कारखान्यांना जात.

पड, म्हणजे मेलेले जनावर, ओढण्याचे काम गावाने ठरावीक जातींवर लादले होते. त्यांनी ते नाकारले. ते नाकारणे न्यायाचेच होते. गिधाडे गेली ती त्यामुळे नव्हे. जनावरे पुढेही कुणी ना कुणी टाकून येतच होते.

आता जनावर जेसीबीने खड्डा काढून पुरतात. पुरले नाही तर ते ओढ्याच्या काठाला कुजते. वास चार-चार दिवस राहतो. सांगाडा मोकळा होत नाही. हाडे गोळा करणारे येत नाहीत.

त्या जागी कुत्री असतात. गिधाड जेवढे खाई तेवढे कुत्र्यांना संपवता येत नाही. गिधाडाच्या पोटातल्या आम्लात अनेक रोगजंतू मरत. कुत्रा ते गावात आणतो. गिधाडे नाहीशी झालेल्या जिल्ह्यांत २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली, असा हिशेब दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. कुजलेली जनावरे, दूषित पाणी, पिसाळलेली कुत्री अशी कारणे त्यात धरली आहेत.

मुंबईत मलबार हिलवर डुंगरवाडी आहे. तिथला पहिला दखमा, म्हणजे मृतदेह ठेवण्याचा मनोरा, सतराव्या शतकातला. पारशी कुटुंबे आपला मृत माणूस तिथे ठेवून परतत, आणि पुढचे काम गिधाडे करत. गिधाडे गेल्यावर दखम्यांवर सूर्याचे ऊन एकवटणारी यंत्रे बसवली गेली. पावसाळ्यात मुंबईला ऊन नसते.

रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या बाजूला गिधाडे माडावर घरटी करत. विष्ठेने झावळ्या जळत. बागायतदारांना ती नकोशी होत. म्हसळ्याजवळ चिरगावला लोकांनी घरट्यांची झाडे राखली, मेलेली जनावरे आणून ठेवली. तिथे थोडी टिकली.

लांब चोचीची गिधाडे कड्यावर घरटे करतात. घरट्याखाली विष्ठेचे पांढरे ओघळ उतरतात. ते पायथ्यावरून दिसतात, आणि कडा वापरात आहे हे त्यावरून कळते. नाशिकजवळ अंजनेरीला गिधाडे राहिली. सह्याद्रीत कडे पुष्कळ आहेत. ओघळ थोड्याच कड्यांवर आहेत.

नाशिक जिल्ह्यातच सर्वतीर्थ टाकेदला जटायूचे मंदिर आहे. रावणाने पंख छाटल्यावर जटायू इथे पडला, अशी श्रद्धा आहे. लोक दर्शनाला येतात.

मेलेली गिधाडे उघडून पाहिली तेव्हा हृदयावर, यकृतावर, मूत्रपिंडांवर खडूसारखा पांढरा थर होता. तो युरिक आम्लाचा होता. मूत्रपिंडे बंद पडली होती. आधी विषाणूचा संशय होता. पाकिस्तानातल्या पंजाबात लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी मेलेली गिधाडे तपासत होते. त्यांना मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक सापडले. २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये ते छापून आले.

डायक्लोफिनॅक सूज उतरवते, दुखणे थांबवते. माणसे ते गुडघ्यासाठी घेतात. १९९० च्या दशकात ते गुरांसाठी स्वस्तात मिळू लागले. लंगडणाऱ्या बैलाला टोचले की बैल उभा राही. शेतकऱ्याला त्याचा आधार होता. जो बैल तरीही वाचला नाही, तो टाकून दिला गेला. गिधाडांनी तो खाल्ला. दोन दिवसांत ती मेली. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता.

सगळी जनावरे विषारी असण्याची गरज नव्हती. नंतर गणित मांडले गेले. मेलेल्या ७६० जनावरांपैकी एकात, फार तर १३० पैकी एकात, मारक ठरेल एवढे औषध असले तरी ही घसरण होते. एका जनावरावर शंभर गिधाडे बसतात. तीच गिधाडे दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या जनावरावर बसतात. वर्षभरात एक गिधाड ज्यांच्यावर बसते अशा जनावरांची संख्या शंभराच्या वर जाते.

शिवाय जोडी वर्षाला एकच अंडे घालते. पिल्लू पाच वर्षांचे झाल्याशिवाय वीण सुरू होत नाही. निसर्गात मोठे झालेले गिधाड सहसा मरत नाही. शंभरांतली चार-पाच वर्षाकाठी जातात. कमी अंडी आणि लांब आयुष्य, यावर ही जात तगून होती. अंडे नर आणि मादी आळीपाळीने उबवतात. त्यातले एक विषारी जनावर खाऊन परतले नाही, तर दुसऱ्याला भुकेपोटी घरटे सोडावे लागते. अंडे गार पडते. एका मरणात दोन जातात. जे एक उरले, त्याला नवा जोडीदार शोधायला आसपास गिधाडे नसतात.

गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या. २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरपेक्षा मोठी असू नये असे ठरले. तोवर किटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक गोठ्यात पोहोचले होते. असेक्लोफिनॅकचे जनावराच्या अंगात डायक्लोफिनॅकच होते. त्या दोन्हींवर २०२३ मध्ये बंदी आली. पहिल्या बंदीपासून मधे सतरा वर्षे गेली.

हरयाणात पिंजोरजवळ जटायू संवर्धन प्रजनन केंद्र आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरयाणा वन विभाग ते चालवतात. २००१ मध्ये ते आजारी गिधाडांसाठी सुरू झाले. २००४ पासून तिथे वीण करवण्याचे काम आहे. पश्चिम बंगालमध्ये राजाभातखावा, आसामात राणी आणि भोपाळ इथे अशीच केंद्रे झाली. रानात उरलेल्यांपैकी काही गिधाडे पकडून आणली. काही पिल्ले घरट्यांतून उतरवली. ती पिल्ले मोठ्या गिधाडांबरोबर कधी आभाळात गेलेली नव्हती.

नर-मादी दिसायला सारखी. कोण कोण आहे ते प्रयोगशाळेत कळते. जोडीदार मात्र गिधाड स्वतः निवडते. माणसाने लावून दिलेली जोडी जमेलच असे नाही. म्हणून अनेक गिधाडे एका मोठ्या पिंजऱ्यात ठेवतात. पिंजरा शंभर फूट लांब, चाळीस फूट रुंद, वीस फूट उंच. बसायला दांडे, घरट्याला फळ्या, अंघोळीला पाणी. काड्या आणि पाला आत टाकतात, घरटे ती बांधतात. माणूस शक्यतो आत जात नाही. कॅमेऱ्यावर पाहतात.

खायला बोकडाचे मांस देतात. बोकड विकत आणल्यावर काही दिवस केंद्रातच ठेवतात. त्याला आधी कुणी काही टोचले असेल तर ते अंगातून जावे लागते.

२००८ मध्ये पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाचे पिल्लू पहिल्यांदाच बंदिवासात वाढून उडते झाले. पुढे एक युक्ती लागू पडली. जोडीने घातलेले पहिले अंडे काढून यंत्रात ठेवायचे. काही आठवड्यांनी जोडी दुसरे घालते. वर्षाला एकाची दोन होतात. यंत्रातले पिल्लू माणसाच्या हातचे खाते. फार दिवस तसे राहिले तर ते माणसालाच आपले समजू लागते. म्हणून त्याला लवकरात लवकर गिधाडांच्या हवाली करतात. एका पिल्लासाठी माणसे रात्री जागतात. हे काम करणाऱ्यांचे ऋण मोठे आहे.

पिंजऱ्यातली गिधाडे शेकड्यांनी झाली. अंडे घालणे, उबवणे, पिल्लाच्या तोंडात घास देणे त्यांना कुणी शिकवले नाही. ते त्यांना येत होते. काही गोष्टी पिंजऱ्यात राहिल्या नाहीत.

मेलेले जनावर शोधणे राहिले नाही. आशियातल्या या गिधाडांना वासाने काही सापडत नाही. ती डोळ्यांनी शोधतात. एकटे गिधाड फार शोधू शकत नाही. पूर्वी आभाळात ती दूर दूर पसरलेली असत. प्रत्येकाची नजर जमिनीवर असे, आणि शेजारच्या गिधाडावरही. एकाने पंख आवरून खाली झेप घेतली की शेजारचे वळे. त्याला पाहून त्याच्या पलीकडचे. दहा-वीस किलोमीटरवरचे गिधाड जनावर न पाहता जनावरापर्यंत पोहोचे. ते घारींवर आणि कावळ्यांवरही लक्ष ठेवी. तासाभरापूर्वी रिकामे दिसणारे आभाळ भरून जाई.

यासाठी गिधाडांची संख्या लागते. दोन गिधाडांमधले अंतर नजरेच्या टप्प्याबाहेर गेले की हे थांबते. मग अन्न असूनही सापडत नाही. हजारांतून शंभर उरली तर उरलेल्यांना दहापट अन्न मिळायला हवे. तसे होत नाही. कमी झालेली गिधाडे कमी झाल्यामुळेही मरतात. प्राण्यांच्या संख्येचा अभ्यास करणाऱ्यांना हे अनेक प्राण्यांत आढळले आहे. गिधाडांत ते आभाळाकडे पाहूनच कळले असते.

वारा ओळखणे राहिले नाही. सकाळी गिधाड उडत नाही, वाट पाहते. जमीन तापली, गरम हवेचा झोत उठू लागला की त्यावर घिरट्या घेत चढते. मग पंख न हलवता पुढच्या झोतापर्यंत उतरत जाते. दिवसाला शंभर किलोमीटर असे जाता येते. वीस फुटांच्या पिंजऱ्यात झोत नसतो. बाहेर आलेले पिल्लू पंख मारत उडते, दमते, जवळच्या झाडावर बसते.

वाटा राहिल्या नाहीत. पाणवठा कुठे, रात्री बसायचा कडा कुठे, कोणत्या गावाबाहेर जनावरे टाकतात, हे जुन्या गिधाडांना माहीत होते. पोरसवदा गिधाडे त्यांच्या मागे जात. जुनी गिधाडे एकदमच मेली. सांगणारे कुणी उरले नाही. त्यातल्या पुष्कळ जागाही उरल्या नाहीत.

भीती कधी नव्हतीच. विजेच्या तारेची भीती रानातल्या गिधाडालाही नसते. गिधाडाचे पसरलेले पंख दोन मीटरच्या वर जातात. खांबावर बसताना दोन तारांना एकदम टेकतात.

म्हणून पिल्लाला एकदम सोडून देत नाहीत. जिथे सोडायचे तिथे आधी पिंजरा उभा करतात. गिधाडे त्यात काही महिने ठेवतात. ती तिथला डोंगर पाहतात, तिथले ऊन आणि पाऊस घेतात. पिंजऱ्याबाहेर मेलेले जनावर टाकतात. रानातली गिधाडे आली तर आतली त्यांना खाताना पाहतात. मग एक दिवस दार उघडतात आणि माणसे दूर जातात. काही गिधाडे त्या दिवशी बाहेर येत नाहीत.

जिथे रानातली गिधाडे उरलेली नाहीत तिथे बाहेर टाकलेल्या जनावरावर कावळे येतात.

पिंजोरला २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आठ गिधाडे सोडली. राजाभातखावाला २०२१ मध्ये सोडली. २०२४ च्या जानेवारीत पिंजोरहून वीस गिधाडे महाराष्ट्रात आली. दहा ताडोबाला, दहा पेंचला. रस्त्याने, खोक्यांत. पावसाळ्यात ती सोडली. पाठीवर ठिकाण कळवणारी यंत्रे होती.

व्याघ्र प्रकल्प निवडण्यामागे विचार आहे. वाघाने मारलेल्या चितळाला कुणी इंजेक्शन दिलेले नसते. पण गिधाडाला प्रकल्पाची हद्द माहीत नाही. ते सकाळी निघते आणि दुपारी दुसऱ्या जिल्ह्यात असते. सोडण्याच्या जागेभोवती शंभर किलोमीटरपर्यंत गुरांत डायक्लोफिनॅक नसावे, असे अभ्यासकांचे सांगणे आहे. तेवढ्या वर्तुळात तीस हजारांहून अधिक चौरस किलोमीटर येतात. त्यात गोठे आणि औषधांची दुकाने किती येतात ते दर गावी विचारत फिरावे लागते. कार्यकर्ते फिरतात. मेलेल्या जनावरांच्या यकृताचे तुकडे तपासायला पाठवतात.

ताडोबात सोडलेले एक गिधाड राज्यामागून राज्ये ओलांडत तमिळनाडूत गेले. ते कुठे कुठे थांबले ते यंत्रामुळे कळत होते. पुदुकोट्टई जिल्ह्यात विजेचा धक्का बसून ते मेले. २०२४ चा नोव्हेंबर होता.

गडचिरोलीत, फणसाड अभयारण्यात, नाशिकला हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी जनावरे टाकायच्या जागा केल्या आहेत. जनावराला कोणते औषध दिले होते ते आधी विचारतात. मगच ते ठेवतात. जे गावोगाव आपोआप होत असे, ते आता ठरवून, खर्चाची तरतूद करून, कुंपण घालून करावे लागते. कुंपण कुत्र्यांसाठी असते. जनावर मिळेलच असे नाही. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला आहे. म्हातारी गुरे लोक ठेवत नाहीत.

पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे उंच झाडांवर वस्ती करून राहतात. अर्जुन, आंबा, वड. एका झाडावर अनेक घरटी असत. रस्ते रुंद करताना पहिली तीच झाडे गेली. २०२४ मध्ये सोडलेल्या या जातीच्या पिल्लांपैकी जी जगतील ती काही वर्षांनी घरट्यासाठी झाड शोधतील.

२०१५ च्या पाहणीनंतर भारतात पांढऱ्या पुठ्ठ्याची सुमारे ६,०००, लांब चोचीची सुमारे १२,००० आणि निमुळत्या चोचीची सुमारे १,००० गिधाडे असावीत, असा अंदाज निघाला. निमुळत्या चोचीची बहुतेक आसामात. घसरण मंदावली होती. चढ दिसला नव्हता.

पिंजऱ्यातून सोडलेल्या गिधाडांमुळे रानातली संख्या वाढते ती फार थोडी. वीस सोडली आणि त्यातली दर वर्षी चार-पाच मेली, तर पहिले अंडे पडेपर्यंत मोजकीच उरतात. वर्षाला एक अंडे. त्यातले प्रत्येक पिल्लू उडेलच असे नाही. मोठी गिधाडे मरायची थांबली तरच हा हिशेब जमतो. ती थांबली नाहीत तर केंद्रात कितीही पिल्ले वाढवली तरी जमत नाही.

मोठे गिधाड कशाने मरते ते २००४ पासून माहीत आहे. मेलॉक्सिकॅमने गिधाड मरत नाही, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. त्याने बैलाची सूज उतरते. त्याचे पेटंट संपलेले आहे, अनेक कंपन्या ते बनवतात, आणि ते तालुक्याच्या दुकानात मिळते.